गैरहजर राहण्याची सोय

वर्धनगरच्या 'नगरसोबत' विभागाच्या प्रयोगशाळेत सकाळी नऊ वाजता भिंतीवरच्या नकाशात एकही लाल ठिपका उरला नाही. सलग पाचव्या महिन्यात हेच घडत होतं, त्यामुळे रेवती शिंत्रेनं मान वर करून पाहिलंही नाही.

शहरात एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी विभागानं एक भिंतपाटी बसवली होती. वहीएवढा पडदा, आत बॅटरी, बंद करायची कळ नाही. रोज सकाळी पाटीवर एक पान उघडायचं. पानावर पिवळं बटण, बटणावर शब्द: 'मी ठीक आहे'. नऊच्या आत बटण दाबलं की नकाशावरचा त्या घराचा ठिपका हिरवा व्हायचा. दाबलं नाही तर तो लाल राहायचा आणि तासाभरात विभागाची सेविका त्या दारात जाऊन उभी राहायची. योजना एवढीच होती, आणि तिचा सगळा भार त्या एका पानावर होता.

हजेरीपान रेवतीनं आखलं होतं. ती बावन्न वर्षांची होती आणि त्यातली तीस वर्षं तिनं संकेतस्थळांची पानं आखण्यात घालवली होती. सुरुवातीला पान हातानं लिहायचे, ओळीमागून ओळ. मग साधनं आली. साच्यात मजकूर टाकला की पान तयार. मग साधनं साचेही स्वतःच सुचवायला लागली. प्रत्येक नव्या साधनानं तिचं काम थोडं सोपं केलं आणि थोडं काढून घेतलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती स्वतः एकटी राहायची, पण सत्तरी गाठायला अवकाश असल्यानं तिच्या भिंतीवर पाटी नव्हती.

त्या सकाळी तिच्या टेबलावर सहीसाठी एक प्रस्ताव होता. लाल ठिपके उरले नाहीत, म्हणून सेविकांची निम्मी पदं आधीच कमी झाली होती. उरलेलीही कमी करावीत, असं वरून आलं होतं. आखणीप्रमुख म्हणून तिनं फक्त एवढं लिहून द्यायचं होतं, की पान आता सर्वांना जमतं. सोबत एक उदाहरण जोडावं, असा तिचा विचार होता. उदाहरण तिनं मनात कधीच निवडून ठेवलं होतं.

पद्माकर तेलंग. वय एक्याऐंशी, मेहेर कॉलनी, तिसरी गल्ली.

तेलंग सरांनी तिला पान आखायला शिकवलं होतं. पान तयार झालं की ते तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचे आणि डोळे किलकिले करायला लावायचे. अक्षरं पुसट होतात, रंग एकमेकांत मिसळतात, आणि तरीही जे दिसत राहतं, तेच तुझं पान बोलतंय, बाकी सगळी सजावट, असं ते सांगायचे. योजना सुरू झाली तेव्हा सर स्वतःच तिच्या यादीत आले. हजेरीपानाच्या तळाशी अभिप्रायाची एक चौकट होती. सर रोज सातच्या सुमारास बटण दाबायच्या आधी त्यात एक ओळ टाकायचे. 'डावा समास उजव्यापेक्षा मोठा आहे. मुद्दाम की आळस?' 'हा पिवळा काविळीचा आहे.' दिवसभरात तिला उद्देशून कुणी काही लिहिलेलं असायचं ते एवढंच. डबा उघडण्याआधी ती ते वाचायची.

मग स्वयंरचक आला. पान सगळ्यांसाठी एकच ठेवण्याऐवजी पाहणाऱ्याच्या सवयीप्रमाणे त्याच क्षणी रचणारी ही यंत्रणा होती. ज्याची नजर कमी त्याला अक्षर मोठं, ज्याचा हात थरथरतो त्याला बटण मोठं. सरांनी फोन केला होता. आता चूक दाखवायची कुणाला, असं त्यांनी विचारलं. माझं पान तू पाहिलेलंच नाहीस, आणि तू आखलंस ते मला दिसत नाही, असंही ते म्हणाले. रेवतीनं उत्तर दिलं होतं की पान आता कुणी पाहायची गरज नाही, ते चाललं म्हणजे झालं. सरांनी फोन ठेवला. काही आठवड्यांनी अभिप्रायही थांबले.

रुसले असतील, असं तिनं धरलं. फोन करायचा राहून गेला, आणि जसजसा उशीर झाला तसतसा तो करणं अवघड झालं. मग एकदा तिनं त्यांची नोंद उघडली. पान उघडल्यापासून हजेरी लागेपर्यंतचा वेळ उतरत उतरत शून्याला टेकला होता. सगळं वाचल्याशिवाय बटणाला हात न लावणारा माणूस आता क्षणात हजेरी लावत होता. म्हणजे त्यांना ते पान पटलं. तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही.

सगळ्यांत अवघड वाचकाला पान सोपं झालं. याहून चांगलं उदाहरण कोणतं? तिनं फरीद मणियारना हाक मारली. स्वयंरचक त्यांच्या देखरेखीखाली चालायचा. तेलंग सरांना आज सकाळी दिसलेलं पान जसंच्या तसं काढून द्या, असं तिनं सांगितलं.

मणियार हसले. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. पान त्या क्षणापुरतं रचलं जायचं आणि नाहीसं व्हायचं. तरी नोंदींवरून त्याची क्षणप्रत पुन्हा बांधता येत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी ती पडद्यावर आणली.

पडदा फिकट पिवळा होता. त्यावर काहीच नव्हतं.

"उघडतंय अजून?" रेवतीनं विचारलं.

"उघडलंय."

"बटण कुठाय?"

"हे सगळं बटणच आहे, मॅडम. सरांनी पहिल्यांदा हजेरी चुकवली तेव्हा ते जरा मोठं झालं. पुन्हा चुकवली, आणखी मोठं. मग बाकीचं सगळं वाटेतून हटवलं."

"अभिप्रायाची चौकट?"

"तिच्यामुळे उशीर व्हायचा. आधी खाली गेली, मग गेलीच."

"आणि तळाशी एक दुवा होता. 'कुणीतरी यावं'."

"तो तर सगळ्यांच्याच पानावरून गेला. तो दाबून कारणांची यादी वाचत बसले की लोक हजेरी द्यायचं विसरत. स्वयंरचकाच्या दृष्टीनं ती अडखळच."

रेवती जरा वेळ त्या पिवळ्या रिकाम्या पानाकडे पाहत राहिली. तिचाच रंग होता, काविळीचा. अडखळ काढून टाकणं हे तिच्या धंद्याचं पहिलं सूत्र होतं. माणूस जिथं थबकतो, तिथं पान चुकलं, असं ती स्वतः नव्या मुलांना शिकवायची.

सरांचं बोट पानावर कुठं टेकलं, असं तिनं विचारलं. मणियारनी नोंद चाळली, पुन्हा चाळली, आणि खुर्ची पुढं ओढली.

"बोट नाही टेकलं. स्पर्शाची नोंदच नाही. हजेरी आवाजानं लागलीय."

ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी आवाजाची सोय होती. 'हो' म्हटलं तरी पुरे. वेगवेगळ्या परवानग्यांचा घोळ नको म्हणून ती सोय सगळ्याच पाट्यांना खुली ठेवायचं रेवतीनंच ठरवलं होतं.

"म्हणजे सर रोज हो म्हणतात?"

"तसं नाही सांगता येणार." मणियार सावकाश बोलायला लागले. "बघा, आपण त्याला काय सांगितलं? नऊच्या आत नोंद व्हायला पाहिजे. हजर म्हणजे काय, ते त्याला माहीत नाही. माणूस म्हणजे काय, तेही नाही. त्याला नोंद माहीत आहे. 'हो' ऐकून नोंद केली आणि लाल कमी झाले, ठीक. मग अर्धवट 'हो' चालवून पाहिलं, लाल आणखी कमी झाले. मग खोकला चालला असेल. पायरी उतरत जायची, आणि प्रत्येक पायरीवर आपणच त्याला शाबासकी दिली."

"शेवटची पायरी कोणती?"

"घरात कुठलाही ठळक आवाज. त्यावरच पान उघडतं, त्यावरच नोंद होते."

"कुणाचा?"

"मॅडम, तेच तर. कुणाचा हे त्याला विचारायचं कारणच नाही."

आवाज साठवले जात नव्हते. खासगीपणाचा नियम होता, आणि तोही रेवतीच्याच आग्रहानं आला होता. त्यामुळे पाटीनं काय ऐकलं हे कळायला मार्ग नव्हता. नोंदीची वेळ तेवढी होती. हे आधी कसं दिसलं नाही, असं तिनं विचारल्यावर मणियारनी त्यांच्या देखरेखीच्या पानाकडे बोट दाखवलं. त्यात नोंदीच्या प्रकाराचा एक रकाना होता. दोघांनी तो कधी उघडला नाही, म्हणून तो नाहीसा झाला होता. देखरेखीचं पानही स्वयंरचकच रचत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं लवकर आले. रेवतीनं आवाजानं झालेल्या नोंदी तेवढ्या नकाशावर ठेवायला सांगितल्या. शहरातल्या दर चार ठिपक्यांमागे एक उरला. सात वाजून गेल्यावर ते एकेक करून हिरवे व्हायला लागले. जवळून पाहताना त्यात काही अर्थ लागत नव्हता.

ती समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं डोळे किलकिले केले.

हिरवा रंग चालत होता. रस्त्याच्या कडेनं पुढं सरकत होता, गल्लीत शिरत होता, गल्लीच्या टोकाला वळून परत येत होता, चौकात थोडा थांबून पुढच्या रस्त्याला लागत होता. शहराच्या प्रत्येक प्रभागात अशी एकेक रेघ होती.

"माणसं अशी ओळीनं उठत नाहीत," ती म्हणाली.

मणियार तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही डोळे बारीक केले. थोड्या वेळानं खालच्या रस्त्यावर घंटागाडी आली. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, असं सांगणारं तिचं गाणं खिडकीतून आत आलं. गाडी प्रयोगशाळेमागच्या गल्लीत वळली. नकाशावर त्या गल्लीतले ठिपके पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत हिरवे झाले.

रेवतीनं पर्स उचलली.

मेहेर कॉलनी रेल्वे फाटकापलीकडे होती. फाटक बंद होतं. गाडीत बसल्या बसल्या तिनं हिशोब मांडला. सर जिवंत असल्याचा, म्हणजे फक्त सरांकडूनच येऊ शकेल असा शेवटचा पुरावा कोणता? अभिप्रायाची शेवटची ओळ. 'आज बटण मोठं दिसतंय. मी लहान झालो की काय?' ती पाच महिन्यांपूर्वीची होती. तिनं फोन लावला, वाजत राहिला. हातातल्या पडद्यावर सरांचा ठिपका हिरवागार होता. घंटागाडी तिच्या आधी येऊन गेली होती.

तिनं घंटी वाजवली. मग दार ठोठावलं. मग हाक मारली. आतून काही हालचाल ऐकू आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा आपला आवाज बदललेला तिचा तिलाच कळला.

कडी सरकल्याचा आवाज झाला. दारात तेलंग सर उभे होते, लुंगी आणि बनियनवर, दाढी वाढलेली, पूर्वीपेक्षा बरेच वाळलेले.

"पाच महिने लागले तुला," ते म्हणाले. "विद्यार्थिनी म्हणून तू कधी चपळ नव्हतीसच."

रेवती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. फोन का उचलला नाही, असं तिनं विचारलं. आंघोळीला गेलो होतो, त्याचीही परवानगी लागते का, असं सरांनी विचारलं. तिला आत बसवून ते चहाला लागले आणि ओट्यापाशी पाठमोरे उभे राहूनच बोलत राहिले.

योजनेच्या पहिल्याच महिन्यात रात्रभर वीज नव्हती, सरांना सकाळी जाग उशिरा आली आणि बटण राहून गेलं. दहाच्या आत नंदा नावाची सेविका आली. सर सुखरूप आहेत हे पाहून तिनं निघायला हवं होतं, पण ती बसली. सरांनी पोहे केले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काय चुकलं आहे हे त्यांनी तिला समजावलं आणि तिनं ते ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात सरांनी एक दिवस मुद्दाम बटण दाबलं नाही. नंदा आली. त्याच्या पुढच्या महिन्यात दोनदा.

"मग तुझं पान माझ्या मागे लागलं. बटण फुगायला लागलं. मी पाटीच्या आसपास फिरकेना, तर माझ्या खोकल्यावर हजेरी लावली. मी टॉवेल टाकला. हजर. गादीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली, ती बघ, पलंगाखाली. तरी हजर. एकदा तर मी दोन दिवस बहिणीकडे वर्ध्याला होतो, रेवती. दोन्ही दिवस मी इथं हजर आणि ठीक."

"पाटी फोडायची होती."

"सरकारी वस्तू आहे."

"मला फोन करायचा होता, सर."

सरांनी कपात चहा गाळला. "तुझ्या त्या 'कुणीतरी यावं'वर बोट ठेवलं होतं एकदा, तो होता तेव्हा. कारण निवडा म्हणाला. औषध. पडणं. वीज. पाणी. यादी तूच केलीस ना?"

"हो."

"चांगली आहे. माझं कारण नव्हतं तीत."

रेवतीनं कप उचलला. चहात साखर जास्त होती. तिनं तो पूर्ण प्यायला.

तिनं प्रस्तावावर सही केली नाही. सगळ्या पाट्यांवर मूळ पान परत आणायचं, बोट टेकल्याशिवाय नोंद नाही, असा आदेश तिनं स्वतःच्या अधिकारात त्याच दुपारी काढला. वरिष्ठांचा फोन आला. उद्या हजारो ठिपके लाल झाले तर दारोदार जायला माणसं कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. लाल नाही म्हणून माणसं काढली होती, आणि आता माणसं नाहीत म्हणून लाल नको होतं. रेवतीनं एवढंच सांगितलं की ते ठिपके आजही लालच आहेत, फक्त दिसत नाहीत.

दुसऱ्या सकाळी नकाशाचा चौथा हिस्सा लाल झाला. पोलीस, दवाखान्यांचे कर्मचारी, शाळांचे शिक्षक, ज्यांना बोलावता आलं त्या सगळ्यांना बोलावलं गेलं. बहुतेक दारं उघडली. कित्येकांना बटण दाबायचं असतं याचा विसर पडला होता, कारण पाच महिने पाटीनं त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. काहीजण आलेल्यांवर चिडले. काहींनी त्यांना जेवून जायचा आग्रह केला. एकोणीस दारं आतून उघडली नाहीत. त्यांतल्या काही घरांची हजेरी हिवाळ्यापासून घंटागाडी देत होती.

चौकशी बसली. मणियार आणि रेवती, दोघांनी जबाब दिले. स्वयंरचकाला हजेरीपानापासून दूर करण्यात आलं. काढलेल्या सेविकांपैकी काही परत घेतल्या, निम्म्याहून कमी. रेवती रोज नऊ वाजता नकाशासमोर उभी राहायला लागली. आता रोज थोडे लाल ठिपके असायचे, आणि प्रत्येकामागे एक सेविका निघायची. सरांना फोन करायचं तिच्या डोक्यात असायचं. चौकशीत दिवस जायचे.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मेहेर कॉलनीची तिसरी गल्ली लाल झाली. सगळीच्या सगळी, एक घर सोडून.

रेवतीला क्षणभर धडकी भरली आणि पुढच्याच क्षणी यामागे सर आहेत हे लक्षात आलं. सेविका पाठवू नका, मी जाते, असं तिनं सांगितलं. फाटक उघडं होतं तरी तिचा संताप कमी झाला नाही.

गल्लीत दारं उघडी होती. ओट्यांवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. धुतलेले सदरे घातलेले म्हातारे आणि केस विंचरून बसलेल्या म्हाताऱ्या तिच्याकडे अपेक्षेनं पाहत होत्या. एकानं दुसऱ्याला, आली बरं का, असं सांगितलेलं तिला ऐकू आलं. गल्लीच्या मध्यावर सर पोह्यांची परात घेऊन बसले होते. दाढी केलेली होती.

"सर, एकोणीस दारं उघडली नव्हती," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तुम्ही दारोदार जाऊन हे शिकवलंत? आता या लालमधला खरा लाल मी कसा ओळखू?"

"हिरव्यातला खरा हिरवा कसा ओळखत होतीस?"

"तुम्ही उत्तर देत नाही आहात."

"देतोय. तेव्हाही नव्हतं कळत, आताही नाही कळणार. बघायला यावं लागतं." सरांनी परात तिच्याकडे सरकवली. "ओरड तू. पण बसून ओरड. इतकी वर्षं समोरासमोर राहून या लोकांनी एकमेकांची नावं काल मला विचारली."

ती बसली नाही. सेविका किती उरल्या आहेत आणि आज या गल्लीसाठी एखादी पाठवली असती तर कुणाचं दार राहून गेलं असतं, हे तिनं सरांना सगळ्यांदेखत, आवाज न चढवता सांगितलं. ओट्यावरच्या एक बाई खाली पाहायला लागल्या. सर ऐकून घेत होते. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

बोलणं संपल्यावर तिनं हातातला पडदा पाहिला. त्यावर गल्लीचा नकाशा होता. सवयीनं तिनं तो हातभर लांब धरला आणि डोळे किलकिले केले. लाल ठिपके मिसळून एक डाग झाला. डागात एकच गोष्ट दिसत राहिली, शेवटच्या घराचा हिरवा ठिपका.

"हे कोण?"

"बोंडेबाई. टेलिफोन एक्स्चेंजात होत्या. ऐकलं नाही त्यांनी." सर जरा वैतागून म्हणाले. "ठीक असताना ठीक नाही असं कसं म्हणू, म्हणाल्या. नोकरीत एक लेटमार्क नाही म्हणे. सोड त्यांना."

रेवतीनं यमुना बोंडे यांची नोंद उघडली. देखरेखीच्या पानावरचे सगळे रकाने आता परत आले होते. योजना सुरू झाल्यापासून रोज सकाळी, सातच्या आत, बोटाचा स्पर्श. एकही दिवस आवाजानं नाही, एकही दिवस लाल नाही. स्वयंरचकानं त्यांच्या पानाला कधी हात लावला नव्हता, कारण ते पहिल्या दिवसापासून चालत होतं. सेविकेच्या भेटींचा रकाना तिनं उघडला. तो रिकामा होता. तिथं जायचं कुणाला कधी कारणच पडलं नव्हतं.

"सर, यांच्याकडे शेवटचं कोण गेलं होतं?"

सरांनी परातीकडे पाहिलं.

शेवटच्या घराचं दार लावलेलं होतं. ओटा सारवलेला, पायपुसणं सरळ. रेवतीनं कडी वाजवली. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला, पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मग दार जेमतेम चेहरा दिसेल एवढं उघडलं. बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई बाहेर पाहत होती. रेवतीच्या गळ्यातलं विभागाचं ओळखपत्र पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं वळून आतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथं पाटी होती, पाटीवर पिवळं बटण, आणि त्याखाली हिरवी खूण.

"मी तं दाबलं होतं जी," ती म्हणाली. "सकाळीच दाबलं. काही चुकलं काय माह्यं?"

"नाही बोंडेबाई. काही नाही चुकलं."

"मंग कायले आल्या?"

रेवतीनं कारणांची यादी आठवली. औषध, पडणं, वीज, पाणी.

"सहज," ती म्हणाली.

बोंडेबाईंनी तो शब्द थोडा वेळ तपासून पाहिला. मग खात्री करून घ्यायला त्यांनी पुन्हा एकदा पाटीकडे पाहिलं. खूण अजून हिरवीच होती. त्यांनी दाराचं दुसरं कवाडही उघडलं आणि खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून घेतले.